बर्फाला स्वेटर घातला तर?

प्रश्न: सहा ते नऊ वर्षांच्या वीसेक मुलांबरोबर मी आठवड्यातून एकदा विज्ञानाचा तास घेते. प्रयोग करून दाखवला की मुलं टाळ्या पिटतात, पण पुढच्या आठवड्यात विचारलं तर ‘फस्स झालं होतं’ एवढंच आठवतं. म्हणून साहित्य त्यांच्याच हातात दिलं, तर नुसता पसारा आणि भांडणं. शिवाय मध्येच एखादं मूल असं काही विचारतं की मलाच उत्तर येत नाही. ‘मुलांना स्वतः शोधू द्या’ असं सगळे सांगतात. ते प्रत्यक्षात करायचं कसं?

उत्तर: या तिन्ही अडचणींतून मी गेले आहे, आणि तिसरीतून तर अजूनही जाते. पहिलीपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली तिच्यातच आहे.

तुमचा तो फसफसणारा प्रयोग आठवा. सोडा आणि व्हिनेगर असणार. ते मिसळण्याआधी मुलांना काय वाटत होतं? बहुधा कुणी विचारलं नसेल. विचारलं असतं तरी मुलांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण या दोन पदार्थांबद्दल त्यांचं आधीचं काही मतच नाही. मत नाही म्हणजे ते चुकायची भीती नाही, आणि चुकायची भीती नसेल तिथे जे घडतं ती जादू. जादू बघून माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

वस्तू मुलाच्या हातात आहे की तुमच्या, हे मी नंतर बघते. आधी बघते ते हे की मुलाचं स्वतःचं काही मत पणाला लागलंय का. ते लागलं असेल तर टेबलावरच्या बशीकडे नुसतं बघत बसलेलं मूलही प्रयोग करत असतं. लागलं नसेल तर कोपरापर्यंत हात भिजलेले असूनही ते फक्त पाण्यात खेळत असतं.

एक तास जरा जवळून सांगते. साहित्य: दोन बशा, सारख्या आकाराचे दोन बर्फाचे खडे, एक जाड लोकरीची टोपी. दोन्ही खडे वेगवेगळ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड बांधायचं. (हे विसरू नका. टोपी ओली झाली की ती नीट काम करत नाही आणि सगळा खेळ बिघडतो. मी विसरले होते.) एक पिशवी टोपीत गुंडाळायची, दुसरी उघडी ठेवायची. प्रश्न एकच: कुठला बर्फ आधी वितळेल?

सात वर्षांची मुलं जवळजवळ एकमुखाने सांगतात, टोपीतला. का? ‘कारण स्वेटर गरम असतो.’ हे उत्तर मूर्खपणाचं नाही. स्वेटर घातला की ऊब येते हा त्यांचा रोजचा अनुभव आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष रास्त आहे. प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी आपण निवडलेल्या बशीसमोर ठेवायची. त्या दिवशी सतरा चिठ्ठ्या टोपीसमोर, दोन उघड्या बर्फासमोर. त्या दोघांपैकी एकाला कारण विचारलं तर म्हणाला, ‘तिकडे खूप गर्दी होती.’

मग दुसरं काहीतरी करायचं आणि थांबायचं. खोलीच्या उष्णतेप्रमाणे अर्धा-पाऊण तास लागतो. मुलं दर पाच मिनिटांनी उघड्या बर्फाकडे बघून येत होती आणि त्याचं पाणी होताना दिसलं तरी खूश होती, कारण टोपीतल्याचं तर केव्हाच पाणी झालं असणार अशी त्यांची खात्री होती. टोपी उघडली. आत बर्फ. चांगला, हाताला टोचेल असा.

आधी सगळे गप्प. नंतर पहिलं वाक्य आलं: ‘ताई, ही टोपी खराब आहे.’ दुसरं: ‘हा खडा मोठा असणार.’ तिसरं: ‘तुम्ही मघाशी बदललात.’

याच क्षणी आपल्यातला मास्तर उसळी मारतो. ‘बघा मुलांनो, लोकर ही उष्णतेची दुर्वाहक असते’ हे वाक्य जिभेवर तयार असतं. ते गिळायचं. मुलांच्या तिन्ही हरकती योग्य आहेत. मोठे शास्त्रज्ञही अपेक्षेविरुद्ध निकाल आला की आधी उपकरणावर संशय घेतात. मी एवढंच विचारलं, ‘टोपी खराब आहे की नाही हे कसं कळेल?’ पुढच्या आठवड्यात चार टोप्या, दोन मफलर आणि एक मोजा आला. खडे मुलांनी स्वतः निवडले, शेजारी शेजारी ठेवून मापले. एकाला पहारेकरी नेमलं, म्हणजे मी काही बदलू नये म्हणून. निकाल तोच. तेव्हा एका मुलीने विचारलं, की रिकामी टोपी गरम असते का? थर्मामीटर टोपीत ठेवला, बाहेर ठेवला. (तापाचा नाही, खोलीचं तापमान मोजणारा.) दोन्हीकडे आकडा तोच. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि मग मागून आवाज आला, ‘म्हणजे गरम आपणच असतो.’

तिसऱ्या आठवड्यात मी ‘दुर्वाहक’ हा शब्द दिला. तोवर त्या शब्दाला बसायला जागा तयार झाली होती.

यातून काढायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण आधी अंदाजाबद्दल बोलते, कारण गाडी अडते ती तिथेच. ‘काय होईल सांगा’ असं विचारून हात वर करायला लावलं, तर मुलं वर्गातल्या हुशार मुलाकडे बघतात आणि त्याच्यासारखा हात करतात. म्हणून चिठ्ठी, किंवा डोळे मिटून बोट दाखवणं, किंवा वहीत चित्र. अंदाजाबरोबर ‘कारण’ हवंच, एका शब्दाचं का होईना, नाहीतर ती लॉटरी होते. आणि ज्याचा अंदाज बरोबर निघाला त्याला शाबासकी देऊ नका. एकदा दिलीत की पुढच्या वेळी मुलं बर्फाकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधतात. शाबासकी द्यायचीच तर ‘टोपी खराब आहे’ म्हणणाऱ्याला द्या.

असे विषय शोधायला सोपे आहेत. मुलांना आधीच ठाम काहीतरी वाटतं अशी जागा पकडायची. चुंबकाला सगळे धातू चिकटतात असं वाटतं; ॲल्युमिनियमची फॉइल, तांब्याची तार, पितळी किल्ली द्या. सावलीला नाक-डोळे असतात असं बऱ्याच लहान मुलांच्या चित्रांत दिसतं. भिंतीवरची सावली बघून काढायला सांगा. एका वस्तूची एकच सावली असते असं वाटतं. दुसरा टॉर्च लावा. बी रुजायला ऊन लागतं असं तर मोठ्यांनाही वाटतं. घेवड्याचं बी ओल्या कापसावर ठेवून एक डबा उजेडात, एक कपाटात ठेवला की दोन्हीकडे रुजतं, आणि आठ-दहा दिवसांनी कपाटातलं रोप जास्त उंच निघतं! पिवळट, काडीसारखं, पण उंच. त्यावर ‘मग अंधारच चांगला’ असा निष्कर्ष मुलं काढतात. काढू द्या आणि दोन्ही डबे आणखी दोन-तीन आठवडे ठेवा.

आता पसारा.

साहित्य हातात पडलं की मुलं तुमचा प्रश्न ऐकत नाहीत. ऐकणारही नाहीत. नवं भिंग हातात आल्यावर ‘पानाच्या शिरा बघा’ हे कुणाला ऐकू येतं? आधी शेजाऱ्याचं नाक बघायचं असतं, मग स्वतःचं नख, मग जमीन. हा वेळ वाया गेला असं समजू नका. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड हॉकिन्स यांनी 1965 मध्येच असं मांडलं होतं, की साहित्याशी मोकळेपणाने, कुठल्याही सूचनेशिवाय खेळायला दिलेला वेळ हा विज्ञान शिकण्याचाच एक टप्पा आहे आणि तो शाळांमध्ये फार कंजूषपणे दिला जातो. मी पहिली वीस मिनिटं सूचना देतच नाही. प्रश्न ठेवते ते नंतर, आणि शक्यतो खेळताना मुलांनीच केलेल्या एखाद्या गोष्टीतून उचलून.

पण पसाऱ्याचं मूळ बऱ्याचदा साहित्याच्या निवडीत असतं. आपण उत्साहाने दहा प्रकारच्या वस्तू मांडतो. दहा प्रकार म्हणजे दहा विचलनं, आणि ‘ती मला हवी’ म्हणून भांडणं. एकच वस्तू, पण सगळ्यांना पुरेल एवढी, हा माझा नियम आहे.

तरंगणं-बुडणं हा नेहमीचा पाठ घ्या. टबात पाणी, शेजारी दगड, बूच, पीस, खिळा, पान. काय तरंगतं, काय बुडतं, तक्ता भरा. मला हा पाठ अजिबात आवडत नाही. दगड बुडतो हे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. तक्ता भरून होतो, विचार होत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला क्लेचा लिंबाएवढा एकसारखा गोळा द्या. पाण्यात विरघळणारी माती चालणार नाही, तेलकट क्ले हवी. गोळा पाण्यात टाकायचा. बुडतो. आता काम एवढंच, की ही बुडणारी क्ले तरंगवून दाखवा. दुसरं काही वापरायचं नाही.

पुढचा अर्धा तास बघण्यासारखा असतो. बहुतेक मुलं आधी चिमूटभर तुकडा तोडून टाकतात, कारण ‘छोटं हलकं असतं’. तोही बुडतो. मग तांदळाएवढा तुकडा. तोही. (हा फार मोलाचा धडा आहे आणि तो शब्दांत सांगता येत नाही.) मग गोळा थापून पोळीसारखा सपाट करतात. ती अलगद ठेवली तर क्षणभर आशा लावते आणि कडेने पाणी घेत खाली जाते. इथे काही मुलं रडकुंडीला येतात. कुणीतरी त्या पोळीच्या कडा वर दुमडतं. ती तरंगते, आणि टबाभोवती एकच ओरडा होतो. दोन मिनिटांत सगळ्या टबांत वाट्या तरंगू लागतात. नक्कल करतात म्हणून हटकू नका. नक्कल करतानाच कळतं की कड कमी पडली तर चालत नाही, तळाला भेग गेली तर चालत नाही. एका मुलाने वाटीवर झाकणही बसवलं होतं, ‘पाऊस आला तर’. तिथून पुढे पेपरक्लिप मोजून भरा, कुणाची होडी जास्त पेलते ते बघा, आणि ज्याची सर्वांत जास्त पेलते त्याची होडी इतरांपेक्षा कशी वेगळी आहे ते मुलांनाच सांगू द्या. घनता हा शब्द या वयात आला नाही तरी काही बिघडत नाही. ‘पसरट आणि उंच कडेची’ हे वर्णन आलं म्हणजे भरून पावलं.

टबात पाणी वीतभरापेक्षा कमी, चार मुलांत एक टब, आणि पुसायची फडकी मुलांच्याच ताब्यात. पसारा आवरणं हा तासाचाच भाग आहे असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका. शेवटची दहा मिनिटं त्याला ठेवा. मी सुरुवातीला मुलं गेल्यावर एकटी फरशी पुसत बसायचे आणि मनातल्या मनात ‘पुढच्या वेळी तक्ता’ असं म्हणायचे.

आता एक वाद, ज्यात दोन्ही बाजूंचं खरं आहे. काही सांगायचंच नाही का? मुलांनी सगळं स्वतःच शोधायचं?

2011 मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत जायच्या आधीच्या वयाची मुलं, आणि नळ्या जोडून बनवलेलं एक खेळणं, ज्यात चार गमती लपवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात त्यातली एक गंमत दाखवली, ‘हे असं ओढलं की आवाज येतो’. इतरांना तसं दाखवलं नाही. ज्यांना शिकवलं ती मुलं तेवढीच गंमत करत राहिली, खेळणं लवकर सोडलं, आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. मोठ्या माणसाने एक दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार, असा मुलांचा हिशेब. पटण्यासारखाच आहे.

आणि त्याच्या आधी, 2004 मध्ये, डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडण्याचं काम दिलं. उताराचा चढ, पृष्ठभाग, चेंडूचा प्रकार, सोडायची जागा अशा गोष्टी बदलता येत होत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही, ही युक्ती काही मुलांना थेट समजावून दिली. इतरांना तेच साहित्य देऊन मोकळं सोडलं. शिकवलेल्यांपैकी 77 टक्के मुलांनी युक्ती आत्मसात केली, मोकळ्या सोडलेल्यांपैकी 23 टक्क्यांनी.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात, पण मला त्यात भांडण दिसत नाही. पहिल्यात मुलांना वस्तूचं रहस्य सांगून टाकलं होतं. दुसऱ्यात रहस्य काढायची हत्यारं दिली होती. मी रोज हाच फरक पाळायचा प्रयत्न करते. भिंग डोळ्याजवळ कसं धरायचं, थर्मामीटर कसा वाचायचा, तुलना करताना बाकी सगळं सारखं का ठेवायचं, वस्तूंची नावं, धोका कुठे आहे: हे सरळ सांगून टाकते. यात शोधण्यासारखं काही नाही आणि त्यासाठी मुलांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. पाण्यात टाकल्यावर काय होईल, ते मात्र माझ्या तोंडून येत नाही.

तुलना सारखी ठेवण्याची गोष्ट निघाली म्हणून लोलकाबद्दल. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा फार रंगतो. दोऱ्याला वजन बांधून झोके द्यायचे, दहा झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. जड वजन लावलं तर झोका लवकर होईल की उशिरा? मतं दोन्हीकडे पडतात, त्यामुळे मजा येते. खरं तर वजनाने फरक पडत नाही, दोऱ्याच्या लांबीने पडतो. साधारण 25 सेंटिमीटर लांबीला एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत येणं, एका सेकंदाचा आणि एक मीटरला दोन सेकंदांचा. पण इथे एक खड्डा आहे. वजन म्हणून वॉशर (मध्ये भोक असलेल्या धातूच्या चकत्या) घेतले, तर मुलं एका वॉशरखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे लोंबकळत बांधतात. तसं केलं की वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे लांबीच वाढते, आणि ‘जड वजनाला जास्त वेळ लागतो’ असा चुकीचा निकाल अगदी व्यवस्थित मोजमाप करून मिळतो. पेपरक्लिपचा आकडा करून सगळे वॉशर एकाच जागी अडकवा. किंवा मुद्दाम अडकवू नका, आणि दोन गटांचे निकाल वेगळे आले की ते का आले यावर त्यांना भांडू द्या. मी दुसरं करते, वेळ असेल तर.

सेल आणि बल्बचं थोडक्यात: दीड व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब, एकच वायर. होल्डर देऊ नका. होल्डरने सगळा विचार आयताच करून ठेवलेला असतो. बल्बला दोन ठिकाणी स्पर्श व्हावा लागतो, बुडाला आणि कडेच्या धातूला, हे कळायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी चाळीस. नुसती वायर सेलच्या दोन्ही टोकांना लावून धरली तर ती तापते, हे मात्र आधी सांगून ठेवा.

आता तिसरी अडचण, उत्तर न येण्याची. यात माझीच एक लाजिरवाणी गोष्ट आहे.

बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. मी कितीतरी वर्षं मुलांना सांगत आले की ज्योतीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि पाणी ग्लासाच्या साधारण पाचव्या भागापर्यंत चढतं कारण हवेत ऑक्सिजन तेवढाच, जवळपास 21 टक्के असतो. माझ्या हातातल्या पुस्तकात तसंच छापलं होतं. एके दिवशी आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘पण ताई, जळत होती तेव्हा पाणी जवळजवळ हललंच नाही. विझल्यावर चढलं.’ मी म्हटलं, असं नसतं. ती म्हणाली, परत करा. परत केलं. तिचं बरोबर होतं. बराचसा चढ ज्योत मंदावल्यावर आणि विझल्यावर, भरकन झाला.

घरी जाऊन पाच-सहा वेळा करून पाहिलं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर. ग्लासात ऑक्सिजन तेवढाच असताना पाणी जास्त का चढावं? कारण मुख्य खेळ उष्णतेचा आहे. ज्योतीजवळची हवा तापून फुगलेली असते, त्यातली काही ग्लास ठेवता ठेवता बाहेर निसटते. कधी कडेने बुडबुडे जाताना दिसतात. ज्योत विझली की आत उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पुढच्या आठवड्यात मी वर्गात सांगितलं की मी चुकीचं शिकवत होते आणि ते कुणी पकडलं. त्या मुलीचं निरीक्षण मी इतकी वर्षं, इतक्या वेळा तोच प्रयोग करून, केलं नव्हतं. उत्तर आधीच माहीत होतं ना, मग बघायचं कशाला?

तेव्हा ‘मला माहीत नाही’ हे म्हणायला घाबरू नका, पण तिथेच थांबू नका. ‘माहीत नाही. कसं शोधता येईल?’ आणि त्यानंतर गप्प बसा. हे गप्प बसणं फार कठीण आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गातल्या संवादांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच बोलू लागतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात, मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. उद्या वर्गात मनात मोजून बघा. मी सुरुवातीला टेबलाखाली बोटं मोजायचे.

‘का’ने सुरू होणारे प्रश्नही जरा जपून. ‘बर्फ का तरंगतो?’ म्हटलं की मुलाला कळतं, ताईंच्या मनात एक उत्तर आहे आणि मला ते ओळखायचंय. ‘मोठा खडा टाकला तर?’, ‘खाली दाबून सोडला तर?’ या प्रश्नांचं उत्तर पाण्यात असतं, ताईंच्या मनात नसतं.

काही गोष्टी मात्र मुलं हाताने शोधू शकत नाहीत आणि शोधतील अशी आशा धरणं हा अन्याय आहे. पृथ्वी गोल आहे, डोळ्यांना न दिसणारे जंतू आजार पसरवतात, सगळं अणूंचं बनलेलं आहे. या शोधांना माणसाला शतकं लागली. असं काही मूल विचारेल तेव्हा छान गोष्टीसारखं सांगा. हाताने शोधण्याच्या हट्टापायी ‘तूच विचार कर’ म्हणून त्याला परत पाठवलेलं मी पाहिलंय, आणि ते पुन्हा विचारायला आलेलं पाहिलं नाही.

सुरक्षेचं चार वाक्यांत, पण कडक. बटणासारखे चपटे सेल वर्गात आणूच नका. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. छोटे, अतिशक्तिशाली निओडिमियमचे चुंबकही नकोत. दोन गिळले तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोकं पडू शकतात. भिंगातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, हे दर वेळी, भिंग देण्याआधी. ज्योत असेल तिथे काडी मोठ्यांच्याच हातात, मुलांचे केस बांधलेले, ओढण्या-स्कार्फ काढून ठेवलेले.

शेवटी, पुढच्या आठवड्यात काही आठवत नाही त्याबद्दल. मुलांना तोंडी विचारू नका, वही उघडायला सांगा. फ्रान्समध्ये 1996 मध्ये भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते जॉर्ज शारपाक यांनी प्राथमिक शाळांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्याच्या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘हात कणकेत’. त्यात प्रयोगवहीला फार महत्त्व आहे: मुलाचं स्वतःचं लिखाण, जसं सुचेल तसं, आणि वर्गाने चर्चा करून मिळून ठरवलेलं लिखाण, हे दोन्ही वहीत वेगवेगळं ओळखू येतं. मी ते उचललं. डाव्या पानावर मुलाचं चित्र, अंदाज, त्याचं कारण. तिथे मी लाल पेन लावत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचंही नाही. उजव्या पानावर सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एक वाक्य, फळ्यावरून नीट उतरवलेलं. ज्यांना लिहिता येत नाही ते चित्र काढतात आणि सांगतात, मी त्यांचे शब्द जसेच्या तसे खाली लिहिते.

बर्फाच्या त्या तासानंतरच्या वह्यांत एका डाव्या पानावर टोपी आहे, टोपीला तोंड आहे, आणि खाली लिहिलंय: ‘मला वाटलं टोपी गरम करते. ती गरम करत नाही. ती येऊ पण देत नाही जाऊ पण देत नाही.’ पुढच्या महिन्यात गरम पाण्याची बाटली थंड होऊ नये म्हणून काय करावं असा प्रश्न निघाला, तेव्हा तो मुलगा ते पान काढून घेऊन आला, आणि बाटलीबरोबर बर्फाची पिशवीही टोपीत ठेवायला हवी, एका टोपीत बाटली आणि दुसऱ्या टोपीत बर्फ, असा हट्ट धरून बसला. दुसरी टोपी मला शेजारच्या वर्गातून मागून आणावी लागली.